शेवटून दुसऱ्या दाढेची जागा

महेंद्र गायकर भिंतीवर विश्वास ठेवी. भिंतीच्या मालकावर कधीच ठेवत नसे. अंबरनाथपासून खरवईपर्यंत जिथे जिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या, तिथे तिथे एसीच्या ब्रॅकेट, टीव्हीचे स्टँड आणि स्वयंपाकघरातली लटकती कपाटं बसवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. या बावीस वर्षांत एकही मालक असा भेटला नव्हता, की ज्याने दार उघडताच "भिंत एकदम पक्की आहे" असं सांगितलं नसेल. महेंद्र मान डोलावी आणि हातोडीच्या दांड्याने भिंत तीन ठिकाणी ठोकून बघे. मग ड्रिलच्या बारीक पात्याने एक चाचणीचं भोक पाडी आणि खाली धरलेल्या तळहातावर पडणारा भुगा पाही. लाल आणि रवाळ भुगा म्हणजे वीट. करडा, तापलेला भुगा म्हणजे काँक्रीट. पांढरा, पिठासारखा भुगा पडला की तो पातं बाहेर काढी, कारण हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा बोल्ट आज धरतो आणि सहा महिन्यांनी कपाटासकट खाली येतो.

एकदाच त्याने मालकाच्या शब्दावर ड्रिल चालवलं होतं. अंबरनाथच्या एका घरात मालकाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, की इथून पाइप गेला आहे का? "नाही हो, बिनधास्त मारा," असं उत्तर मिळालं. दुसऱ्याच मिनिटाला भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली आणि मालक म्हणाला, "अरे हां, मागच्या वर्षी लाइन बदलली होती खरी." त्या दिवसापासून महेंद्र कोणाला विचारी ते केवळ रीत म्हणून.

असा माणूस स्वतःच्या तोंडात ड्रिल चालवू द्यायला सहजासहजी तयार होणार नव्हता.

उजव्या बाजूची, खालच्या जबड्यातली शेवटून दुसरी दाढ त्याने दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. तेव्हापासून तो डाव्या बाजूने चावत होता आणि आता डावीकडची दाढही हलू लागली होती. भाकरी कालवणात भिजवून खायची वेळ आली होती. "आता मऊ भात गिळता, पुढं पेज पिणार काय?" असं शीलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एक दिवस ताट पुढे सरकवत विचारलं, तेव्हा कुठे तो उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधल्या डॉक्टर रुचिकांकडे गेला.

दवाखाना जीन्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. खालून शिलाई मशिनची घरघर जिन्यापर्यंत येई. डॉक्टर रुचिका चाळिशीच्या आतल्या, सिंधी घरातल्या. पण मराठी बोलताना अडत नसत, आणि अडल्या तर हिंदीचा एक शब्द मध्ये टाकून पुढे जात. त्यांनी आधी एक छापील कागद भरायला दिला. साखर, रक्तदाब, चालू असलेली औषधं, तंबाखू, सिगारेट. महेंद्रने सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली.

त्यांनी आरशाने तोंड तपासलं, हिरडीवर बोट फिरवलं, गाल बाहेर ओढून बराच वेळ पाहिलं.

"काका, इथे गाल आतून थोडा पांढरा, खरबरीत झालाय. तंबाखू?"

"सोडली. तीन वर्षं झाली."

"नक्की?"

"मग काय खोटं बोलतोय का? झोपेत गाल चावतो मी. त्याने होत असेल."

त्या एक क्षण त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचाच महेंद्रला राग आला. दाढेसाठी आलेल्या माणसाच्या गालाशी हिला काय करायचंय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

नवी दाढ बसवायची तर जबड्याच्या हाडात भोक पाडून आधी स्क्रू बसवावा लागेल, असं म्हणून त्यांनी जबड्याचा स्कॅन काढून आणायला सांगितला. महेंद्रने तो काढला. हनुवटी टेकवून, दातांत एक प्लॅस्टिकची कांडी धरून उभं राहायचं, आणि यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं. सीडी आणि रिपोर्ट घालून स्कॅनवाल्यांनी एक मोठं पाकीट हातात दिलं. ते घेऊन तो परत गेला तेव्हा डॉक्टर रुचिकांनी सीडी कॉम्प्युटरवर लावली, पडदा त्याच्याकडे वळवला आणि पावाच्या कापासारखा जबड्याचा एक काप दाखवला.

"वरून बघा काका, हाड रुंद वाटतं ना? हाताला पण रुंद लागतं. पण जिभेच्या बाजूने, खाली, इथे आत खोबण आहे. सरळ ड्रिल मारलं तर टोक ह्या बाजूने बाहेर येईल. जिभेखाली रक्ताची नळी असते. ती फाटली तर रक्त आतच साचतं, जीभ वर ढकलली जाते, श्वास अडकू शकतो."

"म्हणजे मरतो माणूस?"

"मैं डरा नहीं रही. रोज होतं असं नाही. पण आहे ते सांगते. शिवाय तुमचं हाड इथे मऊ आहे, आतून जाळीदार. त्यात स्क्रू पकडेल, पण वेळ लागेल. तिरका, लांबीला कमी स्क्रू घ्यावा लागेल. आणि त्याआधी मला हिरडी आणि गाल पूर्ण बरे झालेले बघायचे आहेत. तीन महिने थांबू."

जिना उतरताना महेंद्रच्या डोक्यात संशयाचं चक्र सुरू झालं होतं. स्कॅन काढायला लावला, त्यात खोबण निघाली. गाल बघितला, त्यात पांढरं निघालं. आता तीन महिने म्हणजे अजून किती चकरा आणि अजून काय काय निघणार? घाबरवून काम वाढवणारे कारागीर त्याने आपल्या धंद्यात रग्गड पाहिले होते. एक टाइल सैल दाखवायची आणि अख्खी मोरी फोडायची, हा त्यातला साधा प्रकार होता. डॉक्टर लोक काय आकाशातून पडतात?

घरी शीलाचा भाऊ बाळा येऊन बसला होता. तो फॉल्स सीलिंगची कामं करी आणि ज्या ज्या ठिकाणी काम करी, तिथल्या मालकाचा आपण जिगरी दोस्त आहोत असं त्याला वाटे.

"दाजी, तीन महिने कशाला? बदलापूरला आपले डॉक्टर धर्मेश आहेत ना! मीच सीलिंग केलंय त्यांच्या दवाखान्याचं. आज स्क्रू, चार दिवसात चावायला मोकळे. एकदम हायफाय."

"सीलिंग चांगलं आहे म्हणून दाढ चांगली बसेल का रे?" शीला आतून म्हणाली.

"ताई, तू गप बस. त्यांनी आमच्या बिल्डिंगमधल्या चार जणांना बसवलेत."

"त्यातले दोघे अजून खिचडी खातात."

महेंद्र हसला, पण दुसऱ्याच दिवशी बदलापूरला गेला.

दवाखाना खरोखरच हायफाय होता. डॉक्टर धर्मेश हसतमुख, मोकळे, खांद्यावर हात ठेवून बोलणारे होते. त्यांनी तिथेच जबड्याचा एक सपाट एक्स-रे काढला आणि प्रकाशात धरून अर्धं मिनिट पाहिला.

"महेंद्रभाई, हाड फर्स्ट क्लास आहे. उंची भरपूर. शनिवारी अकरा वाजता या, चाळीस मिनिटांचं काम."

हाड फर्स्ट क्लास आहे. महेंद्रच्या कानाला हे शब्द कमालीचे ओळखीचे वाटले. पण कुठे ऐकले होते ते त्या क्षणी आठवलं नाही. ऐकायला ते गोड होते आणि गोड लागत होते म्हणूनच त्याला त्यांचा किंचित संशय आला.

"तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आतल्या बाजूने खोबण आहे. स्कॅन काढलाय मी. सीडी देऊ का?"

"द्या ना. बघून कळवतो."

"उद्या आणून देतो," महेंद्र म्हणाला. पाकीट त्याच्या पिशवीतच होतं.

साइटवर हत्यारांची पेटी ठेवून यायची वेळ आली, की महेंद्रची एक पद्धत होती. पेटीच्या झाकणाच्या फटीवर तो रंगाऱ्याच्या कागदी टेपचा बोटभर तुकडा चिकटवी आणि पेन्सिलीने त्यावरून आडवी सही ओढी. सहीचं अर्धं अंग टेपवर, अर्धं पत्र्यावर. टेप काढून पुन्हा लावली, तर सही कधीच जुळत नाही. या पद्धतीने त्याने आजवर दोन वॉचमन आणि एक गवंडी पकडले होते. त्या संध्याकाळी त्याने घरी बसून पाकिटाच्या तोंडावर तसाच टेपचा तुकडा लावला, पाठच्या बाजूला, जिथे सहज लक्ष जाणार नाही तिथे, आणि त्यावर सही केली.

"ह्ये काय?" शीलाने विचारलं.

"डॉक्टर उघडून बघतो की नाही, ते बघायचंय."

"डॉक्टरांची पण पेटी तपासता का आता?"

"माझ्या तोंडात ड्रिल घालणार आहे तो, शीला."

"त्याच्यावर पाळत ठेवता, बरं. तुमच्या खिशातली डबी त्या बाईंना दाखवली होती का?"

महेंद्रचा हात मागे गेला. पँटच्या मागच्या खिशात चुन्याची ॲल्युमिनियमची डबी होती आणि तिच्याशेजारी तंबाखूची पुडी. सोडली तीन वर्षं झाली, हे अगदीच खोटं होतं असं त्याला वाटत नसे. तीन वर्षांपूर्वी त्याने ती खरोखर सोडली होती, एकवीस दिवस. नंतर शिडीवर चढताना, हात वर करून ड्रिल धरताना, ओठात चार स्क्रू पकडलेले असताना, गालात एक चिमूट असली की हात स्थिर राहतो, एवढंच. तेवढ्याला कोणी तंबाखू खाणं म्हणत असेल तर म्हणो.

बुधवारी त्याने पाकीट दवाखान्यात दिलं. गुरुवारी दुपारी डॉक्टर धर्मेशांचा स्वतःचा फोन आला.

"महेंद्रभाई, स्कॅन बघितला. काही नाही हो त्यात. थोडं वळण सगळ्यांच्याच जबड्यात असतं."

"सीडी लावून बघितलीत ना, साहेब?"

"मग? सगळा फिरवून फिरवून बघितला. टेन्शन घेऊ नका. शनिवारी अकरा."

त्या फोननंतर महेंद्रला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलंही, निदान संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी काम लवकर आटोपून तो पाकीट आणायला गेला. काउंटरवरच्या मुलीने ते खालच्या कप्प्यातून काढून दिलं. त्याने ते तिथे उलटं केलं नाही. बाहेर येऊन स्कूटरच्या सीटवर बसला, चष्मा लावला, आणि मग पाकीट पालथं केलं.

टेप जशीच्या तशी होती. त्याने नखाने कड उचलून पाहिली. कागदाचा पापुद्रा टेपला धरून होता. सहीची शेपटी टेपवरून कागदावर एका ओढीत गेलेली होती, कुठेही तुटलेली नव्हती. पाकीट कोणीही उघडलं नव्हतं.

संताप येईल असं त्याला वाटलं होतं. त्याऐवजी त्याचा हात आपसूक उजव्या जबड्याकडे गेला. हा माणूस उद्या अकरा वाजता त्याच्या जबड्यात सरळ ड्रिल घालणार होता. ती खोबण खरी असेल तर पातं तिच्यातून बाहेर पडणार होतं, आणि जिभेखाली रक्त साचू लागेपर्यंत कोणालाही पत्ता लागणार नव्हता. हे सगळं एका टेपच्या तुकड्याने उघडकीला आलं होतं. टेप लावली नसती तर?

आणि तेव्हाच त्याला आठवलं, "हाड फर्स्ट क्लास आहे" हे कुठे ऐकलं होतं. ते तो रोज ऐकत होता, प्रत्येक दारात. भिंत एकदम पक्की आहे.

संध्याकाळी बाळा आला तेव्हा महेंद्रने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि टेप दाखवली. बाळाने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"दाजी, डॉक्टर लोकांना अनुभव असतो. त्यांना एक्स-रेवरूनच कळतं."

"कळत असेल. मग बघितला म्हणून कशाला सांगितलं?"

"आता मी त्यांना काय तोंड दाखवू?" बाळा म्हणाला.

"तुझं तोंड शाबूत आहे ना, तेवढं पुरे," शीला म्हणाली. "यांच्या तोंडाचं बघ."

शनिवारी सकाळी महेंद्रने बदलापूरला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि स्कूटर उल्हासनगरच्या दिशेने काढली. रस्ताभर तो विचार करत होता. एक खोटा निघाला म्हणून दुसरी खरी ठरत नाही. कदाचित दोघंही आपापल्या परीने फसवत असतील. एक न बघता, दुसरी जास्त बघून. कॅम्प तीनच्या बाजारात स्कूटर लावून तो जिना चढला तेव्हाही तो संशय त्याच्याबरोबरच चढला.

"डॉक्टर, तो काप परत दाखवा," तो खुर्चीत न बसताच म्हणाला. "मला नीट समजून घ्यायचंय."

डॉक्टर रुचिकांनी का, कशाला, असं काही विचारलं नाही. महेंद्रने पुढे केलेल्या पाकिटातली सीडी लावून त्यांनी पडदा वळवला. महेंद्र जवळ गेला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. हे पांढरं काय? बाहेरचं कडक हाड. हे मधलं? आतलं मऊ हाड, जाळीसारखं. काळं दिसतंय ते? तिथे हाड नाही, मोकळं आहे. ह्या खोबणीच्या पुढचा काप दाखवा. त्याच्या मागचा दाखवा. त्यांनी कापामागून काप सरकवला. प्रत्येक कापात ती खोबण होती. कुठे उथळ, कुठे खोल, पण जागची हलत नव्हती. यंत्राची चूक असती तर एका कापात दिसली असती आणि दुसऱ्यात नाहीशी झाली असती, एवढं त्याला कळत होतं.

"ड्रिल करताना तुम्हाला हाताला कळतं का, आत काय लागलं ते?"

"कळतं ना. कडक असेल तर पातं अडतं, मऊ असेल तर एकदम आत जातं."

"भुगा बघता?"

त्या हसल्या. "पात्याला लागून येतो थोडा. तुम्हाला कसं माहीत?"

"मी भिंतींना भोकं पाडतो," महेंद्र म्हणाला. "पंधरा मिलिमीटर आत गेल्यावर मागून पाइप गेला असेल, तर मी पातं तिरकं घेतो."

"बस, तेच. फक्त इथे मागे पाइप नाही, तुमची जीभ आहे."

तो पहिल्यांदा खुर्चीत टेकला. खालच्या मजल्यावरच्या मशिनची घरघर जरा वेळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. डॉक्टर रुचिकांच्या टेबलावर त्याने भरलेला तो छापील कागद फाइलमध्ये लावलेला होता. इतक्या अंतरावरूनही त्याला आपल्या खुणा दिसत होत्या, एकाखाली एक, सगळ्या "नाही"च्या चौकटीत. खाली सही.

"आणि ते तीन महिने?" त्याने विचारलं. "खोबण तर तीन महिन्यांनी पण तिथेच असणार."

"खोबणीसाठी नाही थांबत मी." त्या एकेक शब्द जपून बोलत होत्या. "हिरडी आणि गाल, ते मला ठीक वाटत नाहीत. तुम्ही तंबाखू खात नाही म्हणता. मग तो पांढरा डाग कशाने आलाय ते मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. तंबाखूने असेल, तर आधी ती बंद करून पंधरा दिवस वाट बघता येते. बरेचदा डाग कमी होतो. नाही झाला, तर मग तपासणी आहेच. पण मी सुरुवात कुठून करायची, ते तुमच्या उत्तरावर आहे."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिने त्याच्यावर विश्वास ठेवलेला नव्हता. तिने गालाची भिंत ठोकून पाहिली होती, आवाज ऐकला होता, आणि मालकाने सांगितलेलं कागदावर तसंच ठेवून ती गप्प राहिली होती. महेंद्रला या गोष्टीचा राग यायला हवा होता. अंबरनाथचा तो मालक त्याच्या डोळ्यांपुढे आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, भिंतीकडे बघणारा. अरे हां, लाइन बदलली होती खरी. महेंद्र त्याच्यावर किती ओरडला होता! पाणी येण्याआधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला, असं म्हणाला होता तो. दहा माणसं गोळा झाली होती.

तसाच स्क्रू बसवला असता, तर त्याच्याशेजारी गालात तीच तंबाखू राहिली असती. बदलापूरच्या खुर्चीत आज अकरा वाजता तो पाइपचं काहीही न सांगता तोंड उघडून बसला असता, आणि खोटं बोलणारे तिथे दोघेजण असते.

"तो कागद जरा द्या इकडे," तो म्हणाला.

डॉक्टर रुचिकांनी फाइल उघडून कागद दिला आणि त्याच्यापुढे पेन धरलं. त्याने ते घेतलं नाही. शर्टाच्या खिशातून आपली चपटी पेन्सिल काढली, "तंबाखू" या शब्दापुढची खूण खोडली आणि शेजारच्या चौकटीत दुसरी केली. मग थोडा विचार करून खोडलेल्या जागी छोटी सही केली, म्हणजे हे नंतर कोणी बदललेलं नाही, ते कळावं.

कागद परत देताना त्याने मान वर केली नाही. आता काय ऐकावं लागेल याचा अंदाज त्याला होता. आपण स्वतः अशा मालकांना काय काय ऐकवतो ते त्याला पाठ होतं.

डॉक्टर रुचिकांनी कागदावर नजर टाकली आणि तो फाइलमध्ये लावला. मग त्यांनी हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला आणि भोक पाडण्याआधी महेंद्र जो प्रश्न गेली बावीस वर्षं विचारत आला होता, तोच विचारला.

"नक्की कुठे? बोटाने दाखवा."

महेंद्रने तोंड उघडलं, तर्जनी आत घातली आणि उजव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेच्या मोकळ्या जागेशेजारी, जिथे तो रोज चिमूट ठेवी, तिथे गालाला टेकवली.